येशूची पऱ्हाटी

२३ डिसेंबर, शनिवार. वडनेर भोलजी.

दिवाळीपासून इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. काहींनी मेसेज करून विचारलं, बरी आहेस ना... बरी होते. पण भावाच्या वावरात बोंडं किडत असताना आपण बुलढाण्यात बसून काय लिहायचं, ते कळत नव्हतं.

आज सकाळी माहेरी आले. दरवर्षी तेवीस तारखेला येतेच, कारण त्या दिवशी आमच्या घरी नाताळचं झाड सजतं.

आमचं झाड म्हणजे पऱ्हाटी... कपाशीचं झाड. बाबांनी पाडलेली रीत. पोळ्याच्या सुमाराला धुऱ्याजवळचं, म्हणजे बांधालगतचं, एक भरदार झाड निवडून त्याला लाल चिंधी बांधायची, आणि त्याचा कापूस कुणी वेचायचा नाही. वेचणीच्या बायांना हे पाठ आहे. "येशूची पऱ्हाटी हाय बाप्पा, हात नोका लावू," असं एकमेकींना बजावत त्या पुढे सरकतात.

मग ते झाड मुळासकट काढून तेलाच्या डब्यात उभं करायचं. बर्फासाठी वेगळा कापूस लागत नाही, फुटलेली बोंडंच पुरतात. फांद्यांना आईच्या जुन्या बांगड्या, विकलेल्या बैलजोडीची घुंगरं, आणि शेंड्याला चांदणी. ही चांदणी त्याच वर्षीच्या बियाण्याच्या पिशवीतून कापतात... पिशवी उलटी केली की आतून चांदीसारखी चमकते.

यंदा बोंडअळीनं काही ठेवलं नाही. शमूनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या कपाशीवर रोटाव्हेटर फिरवून हरभरा पेरला. चिंधीचं झाडही त्यातच गेलं, असं त्यानं सांगितलं.

पीक गेलं तेव्हा आई त्याला काही बोलली नव्हती. झाड गेल्याचं ऐकलं आणि तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायची, पण मुकाट्यानं. मला फोनवर म्हणाली, "तुह्या बापाचं तेवढंच राह्यलं व्हतं घरात. यंदा नाताळ नाही करत मी."

मी काय करावं? बुलढाण्याच्या बाजारातून हिरवं प्लास्टिकचं झाड घेतलं. चांगलं माझ्या खांद्याएवढं, वर सोनेरी चांदणी. बसमध्ये त्याचा खोका मांडीवर धरून बसले होते आणि मनात आपलीच पाठ थोपटत होते... प्रश्न सुटला म्हणून.

आईनं खोका उघडू दिला. झाड उभं राहिलं, तसं तिनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, एक फांदी चिमटीत धरून पाहिली.

"हे कोन्या वावरातलं व्हय वं?"

शमू हसला नाही. मीही नाही. मला वाटलं, मी हे आईसाठी आणलं की या दोघांच्या अबोल्यात मला बसावं लागू नये म्हणून? अजून नीट ठरवता आलेलं नाही.

उठायला निमित्त हवं होतं. तेलाचा डबा आणते म्हणून गोठ्यात गेले. डबा कोपऱ्यात होता, कडब्याच्या पेंढ्यांमागे. त्यात माती होती... आणि मातीत पऱ्हाटी उभी होती. वाळलेली, पण लाल चिंधी तशीच.

शमू मागोमाग आलाच. चेहरा पडलेला.

"रोटाव्हेटर फिरवायच्या आधीच काढून आनलं व्हतं ताई. पन पाह्य ना... एकबी बोंड धड फुटलं नाही. सारी कवडी. असं झाड येशूपुढं कसं ठेवू? आन बाबांच्या फोटोपुढं?"

खरंच, बोंडं अर्धवट उघडलेली, आतला कापूस पिवळा, घट्ट, गोळा झालेला. आमच्याकडे अशा कापसाला कवडी म्हणतात. आईचा अबोला त्यानं सोसला, पण हे झाड तिला दाखवणं त्याला सोसलं नसतं...

आई कधी दारात येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती झाडाकडे बघत होती, मग त्याच्याकडे.

"काऊन रे, येशू कुठी जन्मला व्हता?"

शमू डब्यातली माती चाचपू लागला.

"बोल ना बे. बालपनी तर व्यासपीठावर जाऊन घडाघड सांगे."

"गोठ्यात," तो म्हणाला. एवढा बाप्या माणूस, पण आवाज शाळेतल्यासारखा.

"मंग? उचल तो डबा. आन सांभाळून, बोंडं झडतीन."

मी आपली शंका काढलीच... बोंडांत अळी असेल, पऱ्हाट्या जाळून टाका असं सगळे सांगतात. "नाताळ झाला का जाळू," आई म्हणाली, "पऱ्हाटी कुठी नाही म्हनते!"

बांगड्या अडकवल्या, घुंगरं बांधली. चांदणीपाशी मात्र अडलं. यंदाची पिशवी कापता येत नाही, नुकसानभरपाईच्या तक्रारीसोबत दाखवावी लागेल म्हणून शमूनं जपून ठेवलीय. आईनं माझ्या हिरव्या झाडाकडे मान वळवली. "त्याच्यावरची काढ. तेवढी बरी हाय." मी काढून दिली, आणि शमूनं ती शेंड्याला बांधली.

संध्याकाळी आईनं त्याला हाक मारून चहा दिला. "साखर पाह्य, कमी असंन तं सांग." बस्स, एवढंच बोलली. तो दोनदा म्हणाला, बरोबर हाय, बरोबर हाय.

आता समोर झाड आहे. बोंडं पिवळीच आहेत, पण बाबांच्या फोटोखाली आहेत. यंदा कुठल्या गोष्टीचे आभार मानायचे, हा विचार प्रवासभर केला होता... आता करावा लागत नाही.

उद्याचं काम: हिरवं झाड गोठ्यात उभं करायचं. गाईलाही नाताळ दिसू दे म्हणते आई... फक्त तिच्या तोंडाला पोचणार नाही असं.