भात्याची ओळ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना लाँड्रीत सगळे 'भाता' म्हणायचे. दम म्हणजे दम! अख्ख्या चादरीवर इस्त्री फिरेस्तोवर एकच सूर धरायच्या. कामगारांच्या गायनमंडळाचं त्यांच्याच जिवावर निभायचं. तिथला नियम असा, की सूर तुटू द्यायचा नाही; श्वास लागला तर गुपचूप घ्यायचा, तेवढ्यापुरतं शेजारीण ओढून नेते. मला कुठला गळा! मी आपली नावं ठेवायला.

संपात पोलिसांनी त्यांच्या मुलाला उचलून नेलं. त्याच्यासारखे घरोघरचे गेले होते. तेव्हा मंडळाच्या गाण्यातली एक ओळ जो तो म्हणायला लागला : 'नेलंत ज्यांना, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवू.'

राष्ट्रीय दिनाला रेडिओवर तेच गाणं ठरलं. पण सरकारी साहेब नवी ओळ घेऊन आला : 'सुखात आहे घर नि घर, दार निवांत लावू.' मेल्याला लिहिताना लाजही वाटली नाही. जाऊबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, नीट गायलात तर मुलगा घरी येईल.

मी त्यांना सांगितलं, गा खुशाल, पोरापेक्षा ओळ मोठी नाही. आजही तेच सांगेन.

त्या दिवशी आम्ही इस्त्र्या बाजूला ठेवून रेडिओभोवती उभ्या होतो. ती ओळ आली आणि मंडळातल्या बाकी प्रत्येकीने नेमका तिथेच श्वास घेतला. आपसात ठरलं काहीच नव्हतं. जिला तिला वाटलं, आपण गप्प राहू, शेजारीण सांभाळून घेईल. झालं! देशभर ती ओळ एकट्या जाऊबाईंच्या आवाजात गेली, स्वच्छ, एका दमात.

साहेबाने शब्द पाळला, हे मात्र खरं. मुलगा आला. नुसती हाडं उरली होती. जाऊबाईंनी त्याला आंघोळीला पाणी काढून दिलं, पुढ्यात बसून वाढलं, काहीतरी बोल रे म्हणून विनवलं. त्याने ताट संपवलं. मग खाली बघतच म्हणाला, "आत आम्ही रोज ती दार उघडं ठेवायची ओळ म्हणायचो, आई. एक दिवस त्यांनी मुद्दाम रेडिओ ऐकवला. सगळे विचारत होते, कोण ही बाई. मी म्हणालो, माहीत नाही."



"बरं केलंस," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्याचं ताट उचललं.