दोन म्हशींच्या नळ्या

पीएचडी होऊनही त्या पोरीचं शिकणं संपलं नव्हतं. औषधाला न जुमानणारे जंतू कसे घडतात हे शोधायला ती दर सोमवारी येरमाळ्याला उतरायची आणि आमच्या दोन म्हशींचं दूध नळ्यांत न्यायची.

"काकू, जंतू मारायचं इंजेक्शन दिलं का म्हशींना?"

"न्हाय," मी म्हणायचे. खरं सांगितलं तर डेअरीवाले दूध घेणार नव्हते.

एकदा कोणती नळी कोणत्या म्हशीची ते सांगणारे आकडे पुसले गेले. "टाक कोणताबी, कुणाला कळतंय?" मी म्हणाले. तिनं दोन्ही ओतून दिल्या, परतीची बस सोडली आणि संध्याकाळच्या धारेपर्यंत गोठ्यात बसून राहिली.

मला राहवेना. "पोरी, इंजेक्शन आमीच टोचतो गं. पहिल्यापासून."

ती रागावली नाही. वहीतली चार महिन्यांची पानं तिनं खोडली, नव्या पानावर 'एक' लिहिलं आणि नळी पुढं केली.

"काढा धार, काकू."