बेटावरचं खातं आणि सामंतसाहेबांची सही

माझं लग्न एका बेटामुळे मोडता मोडता राहिलं.

बेट म्हणजे आपलं अर्नाळ्याचं नव्हे. अर्नाळ्याच्या बेटाने आजवर कुणाचं वाकडं केलेलं नाही. हे बेट इंग्लंडच्या आसपास कुठेतरी समुद्रात आहे, आणि तिथे म्हणे बँकाच बँका आहेत. मी ते कधी पाहिलेलं नाही, पाहायची इच्छाही नाही. पण त्या बेटाने मला जसं रडवलं, तसं आमच्या विरारच्या मनवेलपाड्यातल्या पाण्याच्या टँकरवाल्यानेही रडवलं नाही (आणि तो काही कमी नव्हता!).

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मस्कतला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो. माझ्या खोलीत आमच्याच कंपनीतला कुरियन नावाचा केरळी गृहस्थ राहायचा. तो आधी कुवेतला होता. तिथे रणगाडे शिरले तेव्हा बिचारा एक पिशवी घेऊन पळाला आणि आयुष्याची कमाई तिथल्या बँकेत अडकली. ही हकिगत तो रोज जेवताना सांगायचा. आधीच त्याच्या हातची आमटी, वर ही हकिगत. हळूहळू माझ्या मनाने घेतलं की उद्या मस्कतवरही रणगाडे येणार आणि ते सरळ माझ्या पासबुकावरूनच जाणार.

अशा घाबरलेल्या माणसाचा वास काही लोकांना लांबून येतो. आमच्या ऑफिसात एक गोरा टायवाला यायचा. आपल्याकडे विम्याचे एजंट लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसतात ना, तसाच, फक्त परफ्यूम लावलेला. तो म्हणाला, पैसे ना इथे ठेव ना तुझ्या देशात, ठेव बेटावर. आणि त्याने तीन बेटांची तीन गुळगुळीत पुस्तकं माझ्यापुढे टाकली. एकावर दीपगृह होतं, एकावर मोटारसायकलींची शर्यत, एकावर गाय. मी गाय निवडली. दीपगृह आहे त्या अर्थी तिथे जहाजं बुडत असणार, आणि मोटारसायकलवाल्यांच्या हाती पैसे द्यायला मला काय वेड लागलं होतं? एवढा सखोल अभ्यास मी दहावीलाही केला नव्हता.

खातं उघडायला पासपोर्टची प्रत लागत होती आणि घरचा पत्ता लागत होता. (पत्त्यात मी ‘पिठाच्या गिरणीमागे’ लिहिलं. टायवाल्याने गिरणी माझी का म्हणून आदराने विचारलं. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.) तिसरी गोष्ट म्हणजे, जो बँक मॅनेजर मला चांगला ओळखतो त्याने मी भला माणूस आहे असं लिहून द्यायचं. इथेच माझं कपाळ फुटलं.

कारण मला ओळखणारा बँक मॅनेजर जगात एकच होता, आमच्या विरारच्या शाखेतले सामंतसाहेब. आणि गेल्या सुट्टीत मी ज्या मुलीच्या घरी पोहे खाऊन आलो होतो, ती वृषाली म्हणजे त्यांचीच मुलगी.

वृषालीबद्दल सांगायलाच हवं. त्या दिवशी सगळ्यांनी मला पगार विचारला, सुट्टी विचारली, व्हिसा विचारला. तिने एकटीने विचारलं, “तिथे तुम्ही जेवता काय?” मला एकदम भरून आलं. कुरियनच्या आमटीचं दुःख आजवर कुणी विचारलंच नव्हतं! मी मस्कतला परतलो तो मनाने लग्न करूनच परतलो. दोन्हीकडून होकार होता आणि याद्यांची बैठक तेवढी उरली होती.

मॅनेजरचा तो कागद मी मनवेलपाड्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात फॅक्स केला. दुकानदाराने तो घरी पोचवेपर्यंत गिरणीसमोर उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं की राण्यांच्या सतीशचं परदेशात बेट आहे. आमचे वडील, अण्णा, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. छापील कागद दिसला की ते आदराने उभे राहतात. त्यांनी तो कागद घडी न पडता पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवला आणि विचार केला, नाहीतरी आता याद्यांसाठी सामंतांकडे जायचंच आहे, वेगळी खेप कशाला घाला! रिक्षाचे पैसे वाचवण्याच्या नादात माणसं काय काय घालवतात, याचं पुस्तक निघेल.

बैठक सामंतांच्या घरी, एव्हरशाईन सिटीत होती. मी तिथे नव्हतो. हे सगळं मला आईने नंतर सांगितलं, आणि ती अजूनही सांगते. मानपान झालं, साड्या झाल्या, जेवणावळ कुणाकडे ते झालं. मग अण्णांनी फाइल उघडली आणि म्हणाले, साहेब, एवढी आमच्या सतीशची एक सही राहिली.

मुलीच्या बापाने कागद वाचायला घेतला. अर्जदार प्रामाणिक आहे काय? त्याच्यावर कर्ज आहे काय? त्याच्याशी व्यवहार करणं तुमच्या मते सुरक्षित आहे काय? भर याद्यांमध्ये! आईच्या म्हणण्याप्रमाणे सामंतसाहेब एकेक ओळ वाचत होते आणि चष्म्यावरून अण्णांकडे पाहत होते. शेवटच्या ओळीवर ते थांबले. तिथे लिहिलं होतं की सही करणाऱ्याचं अर्जदाराशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असता कामा नये.

सामंतसाहेबांबद्दल विरारात असं म्हणायचे की त्यांच्या सख्ख्या भावालाही शाखेत टोकन घेऊन बसावं लागतं. त्यांनी चष्मा काढला.

“राणे,” ते म्हणाले, “मी या कागदावर सही करू शकतो, नाहीतर तुमच्या मुलाला मुलगी देऊ शकतो. दोन्ही जमायचं नाही.”

आता तुम्हीच सांगा, जगाच्या पाठीवर कुठलाही शहाणा माणूस इथे काय म्हणेल? पण आमचे अण्णा विचारात पडले! छापखान्याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला, ज्या कामाला तारीख तेच काम आधी. आणि कागदावर तारीख होती, लग्नाची तारीख ठरायची होती.

“मग आधी सही होऊन जाऊ दे साहेब,” अण्णा म्हणाले. “लग्न काय, ते मागाहूनही होईल.”

नेमकी त्याच वेळी वृषाली नारळाच्या वड्या घेऊन बाहेर आली होती. तिने ताट अलगद टीपॉयवर ठेवलं आणि आत निघून गेली. वडीला कुणी हात लावला नाही. (आईच्या मते वड्या चांगल्या दिसत होत्या.)

दुसऱ्या दिवशी शाखा उघडल्याबरोबर सामंतसाहेबांनी सही केली, गोल शिक्का मारला आणि ग्राहकाचं काम पडून राहू नये म्हणून रजिस्टर्ड पोस्टाने कागद स्वतः बेटावर पाठवून दिला. मग अण्णांना निरोप धाडला, मी आता लेखी दिलंय की आमचं नातं नाही, तेव्हा या सोयरिकीचा विषय इथेच मिटवू.

मला मस्कतमध्ये यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अण्णांनी आदल्या दिवशी एसटीडी बूथवरून एवढंच सांगितलं होतं की साहेब सही करतो म्हणाले. लग्नाचं काय झालं, हे सांगण्याआधी बूथच्या मीटरने त्यांच्या खिशातले पैसे संपवले. त्यानंतर माझ्या स्टोअरमध्ये फोन आला. पलीकडे वृषाली होती! ती आयुष्यात पहिल्यांदा मला फोन करत होती, शिकवते त्या शाळेतून सुटून, बूथवर रांग लावून, स्वतःच्या पगारातून. मुलीने एवढं केल्यावर पुरुषाने काय बोलावं? मी म्हटलं, “सही झाली का?”



“झाली,” ती म्हणाली. “अभिनंदन.” आणि फोन ठेवला.

मी लगेच शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन करून आईला बोलावलं. आईने सगळं सांगितलं आणि शेवटी अस्सल मालवणीत विचारलं, “मेल्या, तुका बायको व्हयी की बँक?” मी सिमेंटच्या गोण्यांवर बसून रडलो. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडलो. कुरियनला वाटलं रणगाडे आले.

आई आजारी असल्याची तार मागवून मी रजा मिळवली आणि विरार गाठलं. बॅग घरात टाकून तडक शाखेत गेलो. सामंतसाहेबांनी शिपायाकरवी पितळी टोकन पाठवलं. मी टोकन मुठीत धरून पेन्शनरांच्या मधोमध बसून राहिलो. नंबर आला तसा आत गेलो आणि म्हटलं, साहेब, मला ते खातं नको, मी ते बंद करतो.

“उघडलंय का?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

“मग जे उघडलंच नाही, ते बंद कसं करणार?”

मी म्हटलं, मग तुमचं पत्र परत मागवा. ते म्हणाले, मी लिहिलं ते खरं होतं, खरं लिहिलेलं परत का मागवू? ते खातं उघडून रीतसर बंद होत नाही तोवर माझा शब्द तिथे उभा आहे, आणि माझा शब्द खोटा पाडून मी कुणाचा सासरा होणार नाही. वर चहा मागवला. माणूस रागावलेला असता तर पाय तरी धरले असते, पण नियमाला पाय कुठे असतात?

संध्याकाळी मी एव्हरशाईनच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. वृषाली शाळेच्या वह्यांची पिशवी घेऊन येत होती. मला पाहून थांबली, हे काही कमी नव्हतं.

“खात्याचा मला राग नाही,” ती म्हणाली. “पण विचारलं तेव्हा तुमच्याकडच्या माणसाला विचार करावा लागला. आणि तुम्ही तर विचारही केला नाहीत.”

मस्कतपासून विमानात मी एक लांबलचक भाषण पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना. मी म्हटलं, “मला तुम्ही हव्या आहात. बाकी मला काही कळत नाही.”

“ते दिसतंच आहे,” ती म्हणाली. “आधी ते बंद करा. मग या.”

मी परत मस्कतला गेलो आणि देवाला नारळ बोलून वाट पाहू लागलो, की माझं खातं एकदाचं उघडू दे म्हणजे मला ते बंद करता येईल. असला नवस देवानेही पहिल्यांदाच ऐकला असावा. यथावकाश गाईचं चित्र असलेली चामडी फाइल आली, आत स्वागताचं पत्र आणि चेकबुक. टायवाला हात मिळवायला आला. मी त्याच्यासमोरच खातं बंद करायचा अर्ज भरला. त्याला कारण सांगितलं तर म्हणाला, इतक्या वर्षांत असं कारण ऐकलं नाही.

बेटाने कळवलं, खातं बंद करायचं तर सही खरी असल्याची खात्री तुमच्या त्याच बँक मॅनेजरकडून करून पाठवा. म्हणजे पुन्हा सामंतसाहेब! त्यांनी ती आनंदाने दिली, कारण अजून नातं नव्हतं. मग बेटाने मी अर्जाबरोबर भरलेले पैसे चेकने परत पाठवले. तो चेक मी विरारच्या शाखेत भरायला पाठवला आणि वाटलं, सुटलो. पण परदेशी चेक वटायला तेव्हा जितका वेळ लागायचा, तेवढ्या वेळात आमच्या चाळीतल्या एकीचं लग्न होऊन बारसंही झालं. अण्णा रोज शाखेत जाऊन टोकन घेऊन बसायचे आणि चेक वटला का विचारायचे. केल्या कर्माचं प्रायश्चित्त म्हणून आईने त्यांच्यावर ही ड्युटी लावली होती. सामंतसाहेब रोज एकच उत्तर द्यायचे, पैसे हातात येत नाहीत तोवर खातं संपलं असं मी मानत नाही.

शेवटी चेक वटला. बेटाच्या बँकेने आपलं कापलं, मधल्या बँकेने आपलं कापलं, आणि जे उरलं त्यात लग्नाचा बँड आला, तोही ताशाशिवाय. त्याच संध्याकाळी सामंतसाहेब गिरणीची चौकशी करत स्वतः मनवेलपाड्यात आले, आईला नमस्कार केला आणि म्हणाले, आता याद्यांचं बघू. आईने अण्णांना तोंड उघडू दिलं नाही.

लग्न झालं. वृषाली मस्कतला आली आणि तिने सर्वात आधी कुरियनला आमटी शिकवली. पुढे आम्ही वसईत फ्लॅट घ्यायचं ठरवलं. फ्लॅटवाल्याने सामंतसाहेबांना सहज विचारलं, जावई व्यवहाराला माणूस कसा आहे? मी शेजारीच बसलो होतो, चेहरा भला करून. साहेबांनी चष्मा काढला.

“मला बोलता येणार नाही,” ते म्हणाले. “नातेवाईक आहे.”

फ्लॅट दुसऱ्याला गेला. सासऱ्यांनी मला आयुष्यात एकदाच चांगला माणूस म्हटलंय. तेही लेखी, तेही इंग्रजीत, आणि तेही मी त्यांचा कुणीही लागत नाही या अटीवर!