खेळाडूंची मिश्री

सांगलीच्या कॉलेजात मी खो-खो खेळायचे, म्हणून वसतिगृहात मला फुकट जागा होती. संघातून नाव गेलं की जागा जाणार, जागा गेली की परत आटपाडीला. आणि तिथं गेल्यावर शिक्षणाचं नाव काढायची सोय नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे ही.

खेळाडूंनी तंबाखूला शिवायचं नाही, अशा कागदावर मी सही केली होती. आता तंबाखू म्हणजे बाप्यांनी चुना लावून मळायची ती! मिश्री तंबाखू भाजूनच होते हे मला ठाऊक होतं, तव्यावर मीच तर भाजायचे. पण आमच्यात तिला कुणी व्यसन म्हणत नसे, दात घासणं म्हणत. एका सकाळी वसतिगृहाच्या नळावर मी मिश्री लावताना खेळाच्या बाईंनी पाहिलं आणि दुपारी माझं नाव खोडलं.

माझं डोकंच फिरलं. त्याच नळावर न खेळणाऱ्या चार मुली मिश्री लावत होत्या, त्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. तडक प्राचार्यांकडे गेले. ते वकिली शिकलेले. खेळणाऱ्यांना एक कायदा आणि बाकीच्यांना दुसरा, हा भेदभाव नाही का, असं तावातावानं विचारलं.

नाही, ते म्हणाले. खेळाडूंना सवलती जास्त, तर नियमही जास्त असू शकतात, शिवाय सही माझीच. कोर्टातही हेच सांगतील. मिश्रीपायी घरी जायचं!

रडकुंडीला येऊन मी म्हणाले, "आवं सर, कबड्डीच्या पोरांच्या खिशात पुड्या हायत, त्यास्नी कोण इचारतंय?"

त्यांनी त्या पोरांचे कागद मागवले. तोच नियम, खाली त्यांच्या सह्या.

"हा मात्र भेदभाव," ते म्हणाले.

पोरांना बोलावून खिसे रिकामे करायला लावले, तर निम्मा संघ तंबाखूसकट सापडला. सगळ्यांना काढावं तर कबड्डीला माणसंच उरेनात. शेवटी सर्वांना एकच ताकीद मिळाली: आजपासून बंद, पुन्हा सापडाल तर नाव जाईल. माझं नाव परत लिहिलं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. बाहेर पायरीवर बसून मी पोटभर रडून घेतलं.

कबड्डीचा कप्तान घुश्श्यात जवळ आला. म्हणाला, "आमाला कशाला मधी घेतलंस?"

"मी एकटीच घरी गेले असते, तर तुमी कुणी मधी पडला असता का?" मी विचारलं.