समुद्र नसलेल्या गावचं 'शीड'

आमच्या मंडळाकडे दोनच गोष्टी साचत गेल्या. न खपलेले अंक भाऊसाहेबांच्या पलंगाखाली आणि किस्से आमच्या डोक्यात. अंकांना मधूनमधून वाळवी लागते, किस्से मात्र शाबूत आहेत. एकाने तोंड उघडलं की दुसरा लगेच म्हणतो, "ते कूलरचं सांग न," आणि चहा गार होतो.

'शीड' हे आमचं मासिक. शिडाच्या होड्या कशा बांधायच्या आणि कशा चालवायच्या, एवढाच त्याचा विषय. आणि ते निघायचं नागपुरातून! संपादक भाऊसाहेब सरकारी कचेरीत नोकरीला. छापखाना बाबारावांचा, गांधीबागेत कापडाच्या ठोक बाजारातल्या एका गल्लीत. मी मुद्रितं तपासायचो.

एकदा मुंबईचे एक पाहुणे अंक चाळत म्हणाले, "पण इथून समुद्र किती लांब!"

"म्हणून तर छापा लागते," भाऊसाहेब म्हणाले. "समोर असता तर खिडकीतूनच पाहिला असता."

पाहुण्यांनी तिथल्या तिथे वर्गणी भरली.

भाऊसाहेबांचा एक नियम होता. स्वतः करून पाहिल्याशिवाय ओळ छापायची नाही. लेखक कितीही मोठा असो, त्याचा लेख आधी अंबाझरी तलावावरच्या आमच्या जुन्या होडीत बसायचा आणि मग छापखान्यात जायचा.

'उलटलेली होडी सरळ कशी करावी' हा लेख आला तो नेमका ऐन थंडीत. भाऊसाहेबांनी मुद्दाम होडी उलटवली. लेखात सांगितल्याप्रमाणे एका कडेला लोंबकळले. होडी हलेना. दुसऱ्या कडेला लोंबकळले, तेव्हा ती सरळ झाली. काठावर कुडकुडत त्यांनी मला पहिली सूचना दिली ती लेखातली 'डावी' काट, 'उजवी' कर अशी. भाऊसाहेबांच्या घरी गेलो तर त्यांच्या पत्नी मालतीवहिनी टॉवेल घेऊन दारातच उभ्या.

"अहो, एखादा अंक तरी कोरड्या कपड्यांत काढत जा," त्या म्हणाल्या.

रागाने म्हणाल्या खऱ्या, पण चहा आधीच उकळत होता. त्या घराचं मला फार कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं.

आता कूलरचं. भर मे महिन्यात 'वाऱ्याविरुद्ध होडी कशी न्यावी' हा लेख हाती आला. नागपूरचा मे! तलावावर पान हलत नव्हतं. अंक अडकून पडला. वर्गणीदार विचारायला लागले. बाबाराव वैतागले. "भाऊसाहेब, हवा नाही तर मशीन काहून बंद ठेवता? कूलर लावा न!"

बाबाराव थट्टेनं म्हणाले होते. भाऊसाहेबांनी ते मनावर घेतलं. बैठकीच्या खोलीत कूलरसमोर मोठं घंगाळ ठेवलं, त्यात लाकडी खेळण्यातली होडी, तिला रुमालाचं शीड. दुपारभर ते घंगाळाभोवती रांगत होते. शेवटी होडी नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या तोंडावर पोचली. लेख छापला, आणि खाली प्रामाणिकपणे टीप दिली: 'हा प्रयोग कूलरसमोर केला आहे.'

मग गावात टीव्ही आला. शेजाऱ्यांकडे होड्यांची शर्यत दाखवणार असं कळल्यावर सगळं मंडळ तिकडे जमलं. आम्ही डोळे फाडून पाहत होतो. खराखुरा समुद्र, खरीखुरी शिडं! मी तर अंकाचं नावही विसरलो. भाऊसाहेब एकदम उठून पडद्याजवळ गेले.

"जरा थांबवा," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "त्यानं तो दोर कुठं बांधला, पाहू द्या."

"भाऊसाहेब, हे थांबत नसते."

"मंग शिकाचं कसं?"

सगळे हसले. पण हसणं तेवढ्यापुरतं. पुढच्या वर्षी वर्गणीदार गळायला लागले. घरबसल्या सगळं दिसणार, मग छापलेलं कोण वाचणार, असं जो तो सांगायचा. भाऊसाहेब वाद घालायचे, मग तेही कमी झालं. त्या दिवसांत त्यांच्याकडे जायला मला नको वाटायचं. 'घरच्या घरी होडी बांधा' ही आमची लेखमाला चालू होती. अंकागणिक एकेक भाग, तोही भाऊसाहेबांनी अंगणात आधी बांधून पाहिलेला. फक्त सुकाणू उरलं होतं. पण पुढच्या अंकात त्या जागी त्यांनी निरोपाचा मजकूर लिहिला. बाबारावांनी तो शिशाच्या अक्षरांचा खिळा खिळा जुळवून ठेवला.

आम्ही छापखान्यात त्याचं मुद्रित पाहत बसलो असताना गल्लीत आरडाओरडा झाला. बाहेर येऊन पाहतो तर कापडाच्या हातगाड्यांमध्ये एक बैलगाडी अडकलेली, आणि गाडीवर होडी! अख्खी, रंग दिलेली. गाडीवान खाली उतरला. कळमेश्वरकडचा शेतकरी, नामदेवराव. आमचा वर्गणीदार. अंकावर पत्ता छापखान्याचा असायचा, म्हणून थेट इथंच आला.

भाऊसाहेब होडीवरून हात फिरवत राहिले. प्रत्येक जोड त्यांच्या ओळखीचा होता.

"कुठं बांधली?"

"घरातल्या खोलीत. लांबी तुमी पहिल्या अंकात देली, रुंदी चौथ्यात. मले भिंत पाडा लागली."

"माफ करा नामदेवराव."

"भिंतीचं काही नाही. मी सुकाणूच्या अंकाची वाट पाहून राहिलो. कधी येते?"

बाबाराव हळूच म्हणाले, "हे मासिक बंद करून राहिले आता."

नामदेवरावांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. "मंग हे वळवू कशी?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. मग धोतर सावरून बैलगाडीवर चढले आणि होडीत जाऊन बसले.

"कुठं चालले?" बाबारावांनी विचारलं.

"अंबाझरीले. निरोपाचे खिळे मोकळे करून ठेवा, सुकाणू करून पाहून येतो."