पाठीच्या गोळ्या

हर्षद परब मरोळच्या एका कारखान्यात लेथ चालवतो. मणका सरकला तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी ट्रामाडॉल दिलं होतं. दुखणं कमी झालं, गोळी मात्र सुटली नाही. ओळखीचा केमिस्ट चिठ्ठी मागत नसे. गोळी घेतली की मशीनपाशी उभं राहता यायचं.

मूल होत नव्हतं. तपासण्या झाल्या त्या अनुपमाच्या, त्याच्या बायकोच्या. तिच्यात काही निघालं नाही. तरी सासूने नवस बोलल्यावर मासे खाणं सोडलं ते अनुपमानेच. हर्षदसाठी बांगडा तळायची आणि स्वतः आमटीभात जेवायची. रात्री तो पाठ फिरवून झोपायचा. दमलोय, म्हणायचा.

शेवटी कुणाला न सांगता तो हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे गेला. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरबाईंनी आधी गोळ्यांचंच विचारलं. मग म्हणाल्या, "ही गोळी दुखणं दाबते, तसा मेंदूचा निरोपही दाबते. निरोप गेला नाही की शरीर पुरुषाचं हॉर्मोन पुरेसं बनवत नाही. इच्छा जाते, शुक्राणू कमी होतात. पण एकदम बंद करू नका, त्रास होईल. हळूहळू कमी करू. बऱ्याच जणांचं सावरतं. पुढच्या वेळी बायकोला आणा."

त्याने नेलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. बांगड्याचे काटे काढताना त्याला तिच्या ताटाकडे बघवत नसे.

दिवाळी झाल्यावर आई म्हणाली, "गावाक जावया. देवीक कौल लावया. हिच्या माहेरचा काय आडवा येता, ता तरी कळांदे."

एरवी अशा बोलण्यावर भांडणारी अनुपमा नुसतं "बरं" म्हणाली. ते हर्षदला सोसवेना.

"कौल नको. माझ्यामुळे होत नाहीये. पाठीच्या गोळ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"गप रे! बायलेची बाजू घेतंस?"

"आतापर्यंत कुठे घेतली, आई?"

अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं. "कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"गणपतीच्या आधी."

तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे मी येते. आत्ता माझ्याशी बोलू नकोस."

ती आत गेली. आई तिच्यामागे जायला उठली आणि दाराशीच थांबली.