लाद्यांचं अंगण

आज वाडीवर कुणीतरी अंगण सारवत होतं. शेणाचा तो ओला वास आला आणि बाबा आठवले. नजर पुरती गेल्यावर ते महिनाभर मोहोपाड्याला माझ्या बहिणीकडे होते. परतल्यावर त्यांना ठेच लागू नये म्हणून मी तेवढ्यात मोठ्या हौसेने शेणाने सारवलेल्या अंगणापासून ओटीपर्यंत गुळगुळीत लाद्या बसवल्या. घरी आणताना शिळफाट्याला वडे तळल्याच्या वासावरूनच ते खुलले, "आलं रं घर!" पण चपला काढून अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले. पायाने चाचपत म्हणाले, "कुनाच्या घरी आनलंस रं? आपल्या घरी चल." मी म्हणालो, "आपलंच हाय, बाबा." त्या लाद्यांचा अजून टवकाही उडालेला नाही. बाबा मात्र शेवटपर्यंत ओटी चढण्याआधी थांबून विचारायचे, "आत येऊ का?"